ऑलिम्पिकवीर खाशाबा जाधव : पदक, गुडघा आणि न फिटलेले ऋण

आपल्या कॅम्प भागाला खेळाचे वेड जुनेच आहे. लष्कराची छावणी, मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, मिशनच्या शाळा आणि त्यांची ऐसपैस मैदाने यांमुळे येथे फुटबॉल रुजला. गावभागातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या तालमींनी लाल मातीतली कुस्ती जपली. एकाला बूट लागतात, दुसऱ्याला नुसती लांग पुरते, पण दोन्ही खेळांतल्या जुन्या मंडळींशी बोलायला बसले की एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे गुडघा. पुढे मोठा होणार असे सगळ्यांना वाटत असलेला एखादा मुलगा गुडघा गेला आणि घरी बसला, अशी एक तरी आठवण प्रत्येक गल्लीत असते.

हेच दुखणे एका फार मोठ्या माणसाच्या वाट्याला आले होते. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमधले पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे पैलवान खाशाबा जाधव यांच्या पदकाची गोष्ट आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्यानंतर काय झाले, ते मात्र फारसे सांगितले जात नाही. १५ जानेवारी २०२६ रोजी त्यांच्या जन्माला १०० वर्षे झाली. या निमित्ताने त्यांचे चरित्र सबंध आठवावे, पदकापाशी थांबू नये, म्हणून हा लेखप्रपंच.

गोळेश्वरचा पैलवान

बेळगावहून निपाणी, कोल्हापूर ओलांडून महामार्गाने पुढे गेले की कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे कराड लागते. कराडला लागूनच गोळेश्वर हे गाव. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब हे नावाजलेले पैलवान. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरात शेती आणि कुस्ती या दोनच गोष्टी. वयाच्या पाचव्या वर्षीच वडिलांनी त्यांना आखाड्यात उतरवले. अंगकाठी लहान आणि उंची बेताची असली तरी चपळाई अशी, की समोरच्याला हात घालायला जागा सापडू नये. पुढे परदेशात त्यांना जे ‘पॉकेट डायनॅमो’ नाव पडले, ते याच गुणामुळे.

शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. तो काळ १९४२ च्या चळवळीचा. सातारा जिल्हा त्या वेळी पेटलेला होता. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे आणि पत्रके गुपचूप पोहोचवणे या कामांत शाळकरी खाशाबांचाही हात होता. देश स्वतंत्र झाला तेव्हा ते २१ वर्षांचे होते. आपला तिरंगा ऑलिम्पिकच्या मैदानावर फडकलेला पाहायचा, ही ओढ त्यांच्या मनात तेव्हापासूनची.

पुढच्या शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, खासबागेचे मैदान उभारले आणि त्या शहरात पैलवानाला मानाचे स्थान मिळवून दिले. अशा वातावरणात बाबूराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्या देखरेखीखाली खाशाबांची तयारी सुरू झाली. ढाक हा त्यांचा खास डाव. प्रतिस्पर्ध्याच्या मानेला विळखा घालून त्याला कधी उचलले आणि कधी आपटले, हे पाहणाऱ्याला कळायच्या आत कुस्ती संपलेली असे.

माती सोडून गादीवर

१९४८ साली लंडनला ऑलिम्पिक भरले. खाशाबांच्या प्रवासखर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. खाशाबा तेथे ५२ किलोच्या फ्लायवेट गटात उतरले. अडचण अशी की मातीतला पैलवान तेथे गादीवर उभा राहणार होता. मातीच्या हौद्यात अनवाणी पायाने, खडाखडी करत, वेळेची फिकीर न करता कुस्ती चालते आणि पाठ लागली की निकाल होतो. गादीवर पायात बूट, घड्याळाची मर्यादा, गुणांची मोजदाद आणि वजनाचे काटेकोर गट. मातीत पाय घट्ट रुततो, गादीवर तो सटकतो. त्यात परकी भाषा आणि अपुरी माहिती असलेले नियम.

तेथे अमेरिकेचे माजी मल्ल रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. त्या थोड्याशा शिकवणीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले. इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र त्यांचे चालले नाही. सहावा क्रमांक मिळाला. त्या काळातल्या भारतीय मल्लासाठी ही फार मोठी मजल होती. घरी परतताना त्यांना दोन गोष्टी कळून चुकल्या होत्या. आपली ताकद जगाच्या तोडीची आहे, ही पहिली. गादीची कुस्ती वेगळी असते आणि ती वेगळीच शिकावी लागते, ही दुसरी.

पुढची चार वर्षे त्यांनी याच शिकण्याला वाहिली. वजन वाढवून ते ५७ किलोच्या बँटमवेट गटात आले. कसरत वाढली, खुराक वाढला आणि खर्चही वाढला.

गावाने पाठवलेला मल्ल

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी नाव निश्चित होईपर्यंतच त्यांची पहिली परीक्षा झाली. निवडीच्या वेळी झालेल्या गुणांकनात आपल्यावर अन्याय झाला असे त्यांना वाटले. गप्प न बसता त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज स्वतः कुस्तीचे जाणकार. त्यांनी पुन्हा लढत घ्यायला लावली, तीत खाशाबांनी निरंजन दास यांना हरवले आणि संघात जागा मिळवली.

दुसरी परीक्षा पैशाची होती. सरकारदरबारी केलेली मागणी दौऱ्याआधी फळाला आली नाही. मग खाशाबा आणि त्यांचे हितचिंतक वर्गणीसाठी घरोघरी फिरले. कोणी पैसे दिले, कोणी धान्य दिले, दुकानदारांनी प्रवासाला लागणारे सामान दिले. तरी रक्कम पुरेना. शेवटी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि ७ हजार रुपये उभे करून दिले. १९५२ सालचे ७ हजार म्हणजे काय, ते आपल्यातल्या ज्येष्ठांना वेगळे सांगायला नको. एका प्राध्यापकाने आपल्या विद्यार्थ्यासाठी डोक्यावरचे छप्पर पणाला लावले होते.

हेलसिंकीत बँटमवेट गटात २४ मल्ल होते. खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिको येथील मल्लांना चितपट केले, जर्मनीच्या मल्लाला गुणांवर हरवले. शेवटच्या टप्प्यात दोन दिग्गज समोर आले. जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव. या दोघांपुढे ते हरले. दमछाक करणाऱ्या एका लांबलचक कुस्तीनंतर नियमाप्रमाणे मिळायला हवी होती ती अर्ध्या तासाची विश्रांती न देता त्यांना लगेच पुन्हा उभे केले गेले आणि त्यांची बाजू मांडायला त्या क्षणी भारताचा कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता, ही हकिगत तेव्हापासून सांगितली जाते. सुवर्ण इशीला, रौप्य मम्मदबेयोवला आणि कांस्य खाशाबांना मिळाले. तारीख होती २३ जुलै १९५२.

त्याच स्पर्धेत भारताच्या हॉकी संघाने सुवर्ण जिंकले आणि देशाचे लक्ष तिकडे लागले. खाशाबांच्या कांस्याचे मोल कळायला वेळ लागला. त्यानंतर भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळाले ते १९९६ साली अटलांटात, टेनिसपटू लिअँडर पेस यांच्या रूपाने. मध्ये तब्बल ४४ वर्षे गेली.

कराडकरांना मात्र मोल कळायला वेळ लागला नाही. खाशाबा आगगाडीने कराड स्टेशनवर उतरले तेव्हा शंभराहून जास्त बैलगाड्या सजून उभ्या होत्या. ढोल, लेझीम, गुलाल आणि वाटेत थांबून ओवाळणाऱ्या सुवासिनी. थोड्या मिनिटांचे अंतर कापायला मिरवणुकीला कित्येक तास लागले.

सत्कार आटोपल्यावर खाशाबांनी सर्वांत आधी काय केले, ते महत्त्वाचे. त्यांनी कुस्तीची मैदाने भरवली, स्वतः त्यांत लढले आणि जमलेल्या पैशातून प्राचार्य खर्डेकरांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले. ऑलिम्पिकवीर झालो म्हणून ऋण माफ झाले, असे त्यांना वाटले नाही. पदक गावाचे होते, कर्ज आपले होते, हा त्यांचा हिशेब.

गुडघा

१९५५ साली खाशाबा पोलिस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. पोलिसांच्या स्पर्धांत ते चमकत होते. पुढचे ऑलिम्पिक १९५६ च्या अखेरीस मेलबर्नला होते आणि त्या वेळी ते ३० वर्षांचे असणार होते. लंडनला सहावे, हेलसिंकीला तिसरे. गादीची कुस्ती आता अंगवळणी पडलेली. ही चढती कमान पाहता मेलबर्नकडून मोठी आशा ठेवणे अजिबात वावगे नव्हते. नेमक्या त्याच तयारीत गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि मेलबर्नची वाट बंद झाली. त्यांची ऑलिम्पिक कारकीर्द तेथेच संपली.

पैलवानाचा गुडघा म्हणजे काय, हे तालमीत गेलेल्याला सांगावे लागत नाही. जोर-बैठकांपासून सगळी उभारणीच त्यावर. पट काढायला खाली झुकायचे तर भार गुडघ्यावर, समोरच्याला उचलून फेकायचे तर पाय रोवून कंबर वळवायची आणि तो सगळा पीळ पुन्हा गुडघ्यावर. पाऊल जागच्या जागी घट्ट आणि वरचे अंग गर्रकन फिरलेले, अशा वेळी गुडघ्याच्या आतली लिगामेंट तुटतात किंवा दोन हाडांमधली गादी फाटते. फुटबॉलपटूचेही तसेच. बुटाचे खिळे मातीत रुतलेले असतात आणि अंग दुसरीकडे वळते.

आज असे काही झाले तर एमआरआय होतो, दूरबिणीतून शस्त्रक्रिया होते, तुटलेल्या लिगामेंटच्या जागी नवे बसवतात. सहा महिने ते वर्षभर व्यायाम करून घेतला की पुष्कळ खेळाडू पुन्हा मैदानात दिसतात. खाशाबांच्या काळात यातले काहीच नव्हते. गुडघ्यात नेमके काय बिघडले आहे, हे बाहेरून हाताने चाचपून ठरवायचे. मोठा छेद घेऊन केलेली शस्त्रक्रिया पाय चालता करी, पण पैलवानाचा पाय परत मिळेलच याची खात्री कोणी देत नसे.

आणि हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. इंग्लंडमध्ये ब्रायन क्लफ नावाचा व्यावसायिक फुटबॉलपटू होता. लीग स्पर्धेत २७४ सामन्यांत २५१ गोल ही त्याची कमाई. २६ डिसेंबर १९६२ रोजी संडरलँडकडून खेळताना तो समोरच्या गोलरक्षकावर आदळला आणि गुडघ्याची लिगामेंट तुटली. वय अवघे २७. पुढे थोडे सामने खेळून त्याला थांबावे लागले. पैसा, डॉक्टर आणि क्लब हे सगळे असलेल्या देशातही त्या काळी गुडघा वाचला नाही. फरक पुढे पडला. क्लफला त्याच खेळात दुसरे काम मिळाले. तो प्रशिक्षक झाला आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टसारख्या साध्या संघाला त्याने १९७९ आणि १९८० असा सलग दोनदा युरोपियन करंडक मिळवून दिला. त्याचे खेळणे संपले, पण खेळाने त्याला सोडले नाही.

खाशाबांचे तसे झाले नाही. गादीवरच्या कुस्तीत जगातल्या सर्वोत्तम मल्लांशी झुंजलेला, दोन ऑलिम्पिकचा अनुभव असलेला असा माणूस तेव्हा आपल्याकडे क्वचितच असेल. मातीतून गादीवर जाताना काय चुकते आणि ते कसे सुधारावे, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर झेलून शिकलेले होते. पोलिस खात्यात त्यांनी खेळाडूंना मार्गदर्शन केले, पण देशाच्या कुस्तीने त्यांचे ज्ञान जेवढे वापरायला हवे होते तेवढे वापरले नाही. क्रीडा संघटनांनी त्यांच्याकडे वर्षानुवर्षे पाठ फिरवली. गुडघ्याने मल्ल थांबवला हे खरे, पण गुरू खाशाबांना थांबवणारा गुडघा नव्हता.

वर्दीतली वर्षे

पोलिस खात्यात त्यांनी २७ वर्षे सेवा केली. ऑलिम्पिक पदकाचा तोरा न मिरवता नेमून दिलेले काम केले आणि सहाय्यक पोलिस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. शेवटचे दिवस ओढाताणीचे गेले. सरकारी पातळीवर आठवण झाल्याचा एक प्रसंग १९८२ चा. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या ज्योतीच्या दौडीत त्यांना सहभागी करून घेण्यात आले.

१२ ऑगस्ट १९८४ रोजी लॉस एंजेलिसचे ऑलिम्पिक संपले. भारताच्या हाती एकही पदक आले नव्हते. त्यानंतर दोनच दिवसांनी, १४ ऑगस्टला, कराडजवळ मोटारसायकलवरून जात असताना झालेल्या अपघातात खाशाबा गेले. वय ५८. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता. ज्या तिरंग्यासाठी त्यांनी तारुण्य खर्चिले, तो देशभर फडकला.

त्यानंतर सन्मानांची रांग लागली. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर, अर्जुन पुरस्कार २००० साली तोही मरणोत्तर. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी कुस्तीच्या क्रीडागाराला त्यांचे नाव दिले गेले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. पद्म पुरस्कार मात्र त्यांना मिळालेला नाही. भारताच्या वैयक्तिक ऑलिम्पिक पदकवीरांच्या यादीत ही उणीव ठळकपणे जाणवते आणि त्यासाठीची मागणी कराड-कोल्हापूरकडची मंडळी अजूनही करत असतात.

आपण काय घ्यायचे

खाशाबांच्या चरित्रात दोन हिशेब शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. एक त्यांचा. त्यांनी गावाचे, गुरुजनांचे आणि प्राचार्यांचे ऋण घाम गाळून, वेळेत आणि पूर्ण फेडले. दुसरा समाजाचा. पदक आणेपर्यंत गाव पाठीशी उभे राहिले, घरे गहाण पडली, बैलगाड्या सजल्या. पण गुडघा गेल्यावर, वर्दी उतरवल्यावर, निवृत्तिवेतनासाठी खेटे घालताना त्या माणसाच्या मागे किती जण होते? हा प्रश्न एखाद्या सरकारला किंवा संघटनेला विचारून मोकळे होता येत नाही. तो आपल्या सर्वांना लागू पडतो.

आपल्याकडे गणेशोत्सवाच्या काळात आणि नंतरही स्पर्धांना तोटा नसतो. विजेत्याला ढाल, चषक आणि रोख बक्षीस देण्यात आपण हात आखडता घेत नाही. पण सामना खेळताना ज्या मुलाचा गुडघा निकामी होतो, त्याच्या एमआरआयचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च त्याच्या आईवडिलांनीच करायचा असतो. कित्येकदा तो परवडत नाही म्हणून मुलगा तसाच लंगडत राहतो आणि खेळ सुटतो. १९५६ साली विज्ञान थिटे होते. आज विज्ञान आहे, थिटा पडतो तो आपला खिसा आणि कधी कधी आपले लक्ष.

प्रत्येक मंडळाने आणि प्रत्येक तालमीने बक्षिसाच्या रकमेबरोबर थोडी रक्कम जखमी खेळाडूंसाठी बाजूला काढली, खेळाडूंचा विमा उतरवला, तर ते फार अवघड नाही. ज्यांचे खेळणे थांबले आहे अशा जुन्या खेळाडूंना आठवड्यातून दोन दिवस मुलांना शिकवायला मानाने बोलावणे, हे तर त्याहून सोपे. कॅम्पातल्या मैदानावर किंवा गावाकडच्या तालमीत असे अनुभवी हात आजही आहेत. त्यांचा पाय साथ देत नसेल, पण डोळा आणि डोके तल्लख आहे.

विघ्नहर्त्यापुढे आपण आपल्या मुलाबाळांच्या यशासाठी हात जोडतो. त्यांच्या पडण्याच्या दिवशीही आपण त्यांच्यामागे उभे राहू, एवढा निश्चय त्याच वेळी केला, तर गोळेश्वरच्या त्या मल्लाचे ऋण थोडे तरी फिटेल. ऑलिम्पिकवीर खाशाबा दादासाहेब जाधव यांच्या स्मृतीला आदरपूर्वक अभिवादन.